कपाशीच्या पानांवरील लव आणि कीड

कपाशीचें बियाणें निवडतांना बोंडाचा आकार, धाग्याची लांबी व रुईचा उतारा हीं पाहण्याची वहिवाट आहे. पानाची खालची बाजू मात्र क्वचितच कोणी पाहतो. पीक हातीं लागणें न लागणें पुष्कळदां तेथेंच ठरतें, म्हणून त्याविषयीं आम्ही येथें थोडें लिहितों.

तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषितात व शिरांत अंडीं घालितात. त्यामुळें पानांच्या कडा पिवळ्या, पुढें तांबूस होऊन खालीं वळतात. पानावरील लव लांब व दाट असल्यास त्यांची सोंड व अंडीं घालण्याची नळी शिरेपर्यंत नीट पोंचत नाहीं. लव दाट असूनही आंखूड असेल, तर हा लाभ थोडा. दक्षिण आफ्रिकेंत तुडतुड्यांनीं कपाशीची लागवड धोक्यांत आणिली असतां, १९२० नंतरच्या दशकांत बार्बर्टन येथें पार्नेल यांनीं लवदार झाडें निवडून ‘यू-४’ हा वाण तयार केला.

परंतु ह्याच लवेचा पांढऱ्या माशीस आसरा होतो. गुळगुळीत पानांवर ती अंडीं कमी घालते. म्हणजे एका किडीस अडविणारा गुण दुसरीस आमंत्रण देतो. सन २००२ मध्यें आपल्या देशांत परवानगी मिळालेलें बीटी बियाणें बोंडअळीसाठीं योजिलेलें आहे. रस शोषणाऱ्या ह्या किडींवर त्याची मात्रा चालत नाहीं.

सबब शेतकरी बंधूंनीं आपल्या शिवारांत दरसाल कोणती कीड अधिक येते तें प्रथम ठरवावें, निरनिराळ्या वाणांच्या उभ्या पिकांतील पानें उलटून उजेडांत तिरपीं धरून पाहावीं, आणि मगच पुढील सालच्या बियाण्याचा निश्चय करावा.