हिरडा, हलेला आणि खालांच्या गोळ्या

उन्हाळा लागला की जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करायला निघतात. पिकण्याआधीच काढून वाळवलेले छोटे, काळे फळ म्हणजे बाळहिरडा. महादेव कोळी समाजातील कित्येक घरांना त्यातून चार पैसे मिळतात. युनानी हकीम याच बाळहिरड्याला ‘हलेला सियाह’ म्हणतात. आपल्याकडे बद्धकोष्ठावर घेतात त्या ‘इत्रीफल’चे नावही मूळ संस्कृत ‘त्रिफळा’वरूनच आले आहे.

गेल्या वर्षी आमच्या खालांनी मोबाईलवरचा एक संदेश वाचला आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद करून हिरड्याचे चूर्ण सुरू केले. ‘हिरड्यात अँटीऑक्सिडंट असतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे,’ असे त्यात लिहिले होते. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, “बेटा, झाडपाल्याने कुठे नुकसान होते का?” दोन महिन्यांनी त्या चक्कर येऊन पडल्या. साखर साडेतीनशेच्या वर गेली होती.

संदेशातले वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच ते नीट समजून घेतले पाहिजे.

आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशींमध्ये वापरला जातो, तेव्हा काही अस्थिर कण तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि तो मिळवण्यासाठी ते शेजारच्या रेणूंवर हल्ला करतात. धूम्रपान, प्रदूषण आणि किरणोत्सर्ग यांमुळे त्यांची संख्या वाढते. अँटीऑक्सिडंट स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतात. चिरलेले सफरचंद काळे पडते, पण लिंबाचा रस लावला तर तसेच राहते. वर्गात मुलांना आम्ही हाच प्रयोग दाखवतो. लिंबातले क जीवनसत्त्व हे एक अँटीऑक्सिडंटच आहे.

हिरड्यावरचे संशोधन आपल्या महाराष्ट्रातच झाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. के. इंदिरा प्रियदर्शिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्याच्या पाण्यातील अर्काचा अभ्यास केला. तो 2004 साली प्रसिद्ध झाला. उंदराच्या यकृतातून वेगळ्या केलेल्या पेशीभागांवर त्यांनी गॅमा किरण सोडले. अर्क घातल्यावर त्यातील स्निग्ध घटकांची हानी कमी झाली. डीएनएचे धागे तुटण्याचे प्रमाणही घटले. या अर्कात क जीवनसत्त्व, गॅलिक आम्ल आणि एलॅजिक आम्ल आढळले. हकीम आणि वैद्य शतकानुशतके ज्या फळाला मान देत आले, त्यात अल्लाहने काय ठेवले आहे, याची थोडी ओळख या प्रयोगातून झाली.

पण हा प्रयोग काचेच्या नळीतला आहे. माणसाच्या शरीरात पदार्थ पचतो, बदलतो आणि रक्तात किती पोहोचतो, हा वेगळा प्रश्न आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांना अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या देऊन मोठी चाचणी घेतली गेली. गाजरात असते त्या बीटा-कॅरोटीनने फुफ्फुसाचा कर्करोग टळेल, अशी आशा होती. 1994 साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाणे आणि त्यातला एक घटक काढून मोठ्या मात्रेत घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग घरात काय करावे? आवळा, पेरू, जांभूळ, पालेभाज्या, हळद, डाळी रोजच्या दस्तरखानावर असू द्याव्यात. महागड्या कॅप्सूलपेक्षा हे स्वस्त आणि भरवशाचे आहे. हिरडा घ्यायचा असेल तर जाणत्या हकिमाच्या किंवा वैद्याच्या सल्ल्याने घ्यावा आणि आपल्या डॉक्टरांनाही सांगावे. हिरडाही साखर थोडी उतरवू शकतो, त्यामुळे गोळ्यांसोबत घेताना हे सांगणे जास्तच गरजेचे आहे. गरोदर स्त्रियांनी हिरडा घेऊ नये, असे जुने वैद्यही सांगतात. आणि मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी मनाने कधीही बंद करू नये.

इलाज करणे ही सुन्नत आहे आणि इलाजात जाणकाराला विचारणे हा त्याचाच भाग आहे. आमच्या खाला आता रोज सकाळी गोळी घेतात आणि दुपारच्या जेवणात आवळ्याची चटणीही घेतात. अल्हम्दुलिल्लाह, साखर आटोक्यात आहे. मोबाईलवर असा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधे चालू आहेत ना, एवढे तरी आपण विचारूया.