गोळी रोजची, तर भाजीही रोजची

मागच्या आठवड्यात वेदनाशामक गोळ्यांवर लिहायचं कबूल केलं होतं. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो आहे, कारण चिपळूणहून एका ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर गणपतीच्या आत पोचायला हवं. तोवर एवढंच लक्षात ठेवा, गुडघा कितीही ठणकला तरी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणायची नाही. आधी आपल्या डॉक्टरांना फोन.

ताईंच्या सासूबाईंना हृदयात धातूची झडप बसवली आहे. रोज संध्याकाळी ॲसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. घरी सोडताना कुणीतरी 'पालेभाजी बंद' असं सांगितलं आणि घरच्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आमटीतली कोथिंबीरसुद्धा गेली. गेल्या ऋषिपंचमीला घरात सगळ्यांच्या पानात ती वर्षातून एकदाच होणारी भाजी होती आणि सासूबाई दहीभात खाऊन उठल्या. ताई विचारतात, यंदा द्यायची की नाही? आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं लिहितात, 'एवढं पथ्य पाळूनही आयएनआर कधी १.६ येतो, कधी ४.८. असं का होत असेल?'

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा. माझ्या मते खरा प्रश्न हा शेवटचा आहे, आणि त्याचं उत्तर बहुधा त्या पथ्यातच आहे. पालेभाजी बंद करणं हा या गोळीवर असलेल्यांमध्ये पसरलेला सगळ्यांत चिवट गैरसमज. मी स्वतः गेली कित्येक वर्षं ही गोळी घेतो आणि मेथीची भाजी खातो. म्हणून आजचा सगळा लेख पालेभाजीसाठी.

रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतात तयार होतात. त्यातल्या चार घटकांना (दुसरा, सातवा, नववा आणि दहावा) के जीवनसत्त्वाशिवाय काम करता येत नाही. या कामात के वापरलं जातं आणि शरीर तेच पुन्हा ताजं करून कामाला लावतं. आपली गोळी, मग ती ॲसिट्रॉम असो की वॉरफरिन, नेमकं हे ताजं करणं अडवते. जुनं के अडकून पडलं की सगळी भिस्त ताटातून येणाऱ्या नव्या के वर राहते. डॉक्टर तुमची मात्रा ठरवतात तेव्हा तुमच्या रोजच्या ताटातलं के त्यात आपोआप धरलेलं असतं, कारण आयएनआर मोजला जातो तो ते ताट जेवणाऱ्या माणसाचाच.

आता ताटातून के जवळजवळ काढूनच टाकलं तर काय होईल? शरीर याचा मोठा साठा करत नाही, काही दिवसांत तो आटतो. भरलेल्या पिंपात तांब्याभर पाणी ओतलं तर पातळी हललेली कळतही नाही, पण तळाला गेलेल्या कळशीत तोच तांब्या ओतला तर पाणी कुठल्या कुठे चढतं. सासूबाईंची कळशी तळाला गेली आहे. एखाद्या लग्नात पालकाची भजी खाल्ली, शेजारून आलेली अळूवडी चाखली, की आयएनआर १.६. दोन दिवस पोट बिघडलं, जेवण गेलं, की ४.८. मायट्रल झडप असलेल्यांना साधारण २.५ ते ३.५च्या दरम्यान राहायला सांगतात. १.६ला झडपेवर गुठळी धरण्याची भीती आणि ४.८ला रक्तस्रावाची. दोन्ही टोकं वाईट.

हे केवळ तर्काने सांगत नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी वॉरफरिनवर असलेले आणि काही उघड कारण नसताना आयएनआर सतत वरखाली होणारे ७० रुग्ण घेतले. अर्ध्यांना सहा महिने रोज १५० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व दिलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. के घेणाऱ्यांचा आयएनआर जास्त स्थिर राहिला. २००७ साली 'ब्लड' या नियतकालिकात हे छापून आलं. ज्या औषधाचा उतारा के, ते औषध चालू असताना थोडं के रोज नेमाने दिलं तर माणूस स्थिरावतो! मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी घरात तीनदा वाचून दाखवलं होतं.

भाज्यांचा विषय निघालाच आहे तर या औषधाच्या जन्माची गोष्ट सांगायलाच हवी. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली, खच्ची केलं की रक्त थांबेना. फ्रँक स्कोफील्ड या कॅनडातल्या पशुवैद्याने दोष शोधून काढला, तो बुरशी धरलेल्या स्वीट क्लोव्हरच्या वाळल्या चाऱ्यात होता. स्वीट क्लोव्हर हे मेथीच्याच कुळातलं, मेथीसारखंच त्रिदली पानांचं चाऱ्याचं पीक. चांगला चारा खाऊन जनावराला काही होत नसे, बुरशी आली की त्यातल्या कुमारिनपासून हे विष तयार होई. मग १९३३च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि पंचेचाळीसेक किलो सडका चारा. शनिवार होता, सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद. शोधत शोधत तो कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक त्याला त्या दिवशी चारा बदला, यापलीकडे काही सांगू शकले नाहीत. पण त्यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्याचा पिच्छा सोडला नाही आणि १९३९मध्ये त्यातल्या विषाचे स्फटिक हाती आले. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८मध्ये आधी उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४मध्ये माणसांसाठी मान्य झालं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही दिलं गेलं. 'उंदराचं औषध' म्हणून गोळी हातात घ्यायला घाबरणारे लोक मला लॅबच्या रांगेत भेटतात, त्यांना मी ही गोष्ट सांगतो. ही आपली गोळी मेथीच्या नात्यातली आणि तिचा उतारा मेथीच्या जुडीत. मला याचं अजून नवल वाटतं.

आता आकडे. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम के असतं, कोथिंबिरीत ३००च्या आसपास, कोबीत ७५च्या आसपास. बटाटा, कांदा, टोमॅटो, भोपळा यांत अगदी थोडं. मोठ्या माणसाची रोजची गरज ५५ ते १२० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान धरतात, संस्थेगणिक आकडा बदलतो. साधी खूण अशी, के जीवनसत्त्व पानाच्या हिरवेपणाबरोबर राहतं. गडद हिरव्या पानात जास्त, देठात कमी. कोबीच्या बाहेरच्या हिरव्या पानांत जास्त, आतल्या पांढऱ्या गड्ड्यात कमी. शिजवून ते फारसं जात नाही, आणि तेलाच्या फोडणीत अंगाला चांगलं लागतं.

तेलावरून आठवलं, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते हे. शेंगदाणा तेलात के जवळजवळ नसतं. सोयाबीन तेलात शंभर ग्रॅमला १८०च्या आसपास. माणशी रोजचं २५-३० ग्रॅम तेल धरलं तर ५० मायक्रोग्रॅम झालं की! भाव वाढले म्हणून घरात शेंगदाण्याच्या जागी सोयाबीनचा डबा आला आणि तीन आठवड्यांनी आयएनआर खाली आला, तर दोष भाजीला देऊ नका. डबा बदलला की वहीत नोंद करा.

वही म्हणजे आयएनआरची वही. तारीख, मात्रा, आकडा असे तीन रकाने बहुतेक जण ठेवतात. मी चौथा ठेवतो, त्यात जेवणात किंवा औषधात काय बदल झाला ते. हा चौथा रकाना वर्षभर भरला की ऋतू दिसू लागतात. मार्गशीर्ष-पौषात मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला स्वस्त होतो आणि आकडा खाली कलतो. वैशाखात बाजार सुकतो, घरात पिठलं, कडधान्यं, बटाटा चालतो आणि आकडा वर. आणि सगळ्यांत मोठी उलथापालथ उपासांची. साबुदाणा, वरी, शेंगदाणे, बटाटा, रताळं, सगळं के च्या दृष्टीने रिकामं. एक सोमवार निभतो. नवरात्राचे नऊ दिवस सलग निभतीलच असं नाही. लॅबच्या बाकावर भेटलेल्या एका काकूंना आठव्या माळेला दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. त्यांनी गोळी एकही चुकवली नव्हती आणि वाढवलीही नव्हती, फक्त जेवण बदललं होतं. नवरात्र करायचंच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा आणि मधेच एकदा तपासणी करून घ्या. हिरड्यांतून, नाकातून रक्त, काळी शौच, न लागता उठलेले काळेनिळे डाग, यांतलं काही दिसलं तर थांबू नका.

आता कुणी म्हणेल, खाण्याचं पथ्य नसलेल्या नव्या गोळ्या आल्या आहेत, त्या का नाही घ्यायच्या? असं विचारणारी तीन-चार पत्रं आहेत. ज्यांना धातूची झडप आहे त्यांच्यावर डाबिगाट्रान वापरून पाहिलं गेलं होतं, पण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाल्याने तो प्रयोग मुदतीआधीच थांबवला, निष्कर्ष २०१३मध्ये आले. ऱ्हुमॅटिक आजाराने झडप खराब झालेल्या आणि हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवरची मोठी चाचणी २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आपल्या देशातलेही रुग्ण होते. तिथेही रिव्हारोक्साबानपेक्षा ही जुनी गोळीच सरस ठरली आणि त्या गटात मृत्यूही कमी झाले. इतर कारणांसाठी रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांना नवी औषधं चालतात, पुष्कळदा चांगली चालतात. पण झडपवाल्यांनी शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नये.

तर ताई, सासूबाईंना ऋषिपंचमीची भाजी द्या. मला तुमच्याकडची पद्धत ठाऊक नाही, पण कोकणात बहुतेक घरी तिच्यात माठाचे जाड देठ, लाल भोपळा, पडवळ, शिराळं, भेंडी, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे असतात आणि पानं म्हणाल तर अळूची. म्हणजे के च्या हिशेबाने ती पालेभाजी कमी आणि फळभाजी जास्त. अळूची पानं त्यांच्या वाटीत बेताने येऊ द्या, देठ हवे तेवढे घाला. एक वाटी द्या, मात्र दुसऱ्यांदा वाढू नका.

जपायचं आहे ते पुढच्या दोन दिवसांत. गौरी आल्या की भाजी-भाकरीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, त्यात अळूवडी, अळूचं फतफतं, भरपूर कोथिंबीर घातलेली कोशिंबीर. गेलं वर्षभर कोथिंबिरीचं पानही न खाल्लेल्या माणसाने हे सगळं एका आठवड्यात मनसोक्त खाल्लं तर आयएनआर दाणकन खाली येईल. म्हणून या सणात त्यांना दिवसाला एकच हिरवा पदार्थ, तोही लहान वाटीने. भाजी-भाकरी खाल्ली त्या दिवशी अळूवडी नाही. मोदक, पुरणपोळी, वरण-भात, बटाट्याची भाजी यांचं गोळीशी काही भांडण नाही (मधुमेह असेल तर तो हिशेब वेगळा). गोळीची वेळ मात्र आरतीच्या गडबडीत चुकवू नका. ॲसिट्रॉम शरीरातून वॉरफरिनपेक्षा लवकर उतरतं, त्यामुळे एका चुकलेल्या मात्रेचाही परिणाम लवकर जाणवतो. भाजीचा परिणाम मात्र त्याच दिवशी रिपोर्टात शोधू नका, गोठवणारे काही घटक रक्तात दोन-तीन दिवस टिकून असतात. गौरी गेल्या की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयएनआर करून घ्या.

आणि सण झाल्यावर डॉक्टरांसमोर सरळ मांडा, की आम्ही पालेभाजी पूर्ण बंद केली होती, आता रोज थोडी सुरू करायची आहे. हे त्यांना न सांगता सुरू करू नका, कारण आजची मात्रा बिनभाजीच्या ताटावर बेतलेली आहे. रोजची एक लहान वाटी, आज मेथी, उद्या कोबी, परवा पालक घातलेली डाळ, अशी आठवडाभर चालवा, मग तपासणी, मग लागली तर मात्रेत थोडी वाढ. दोन-तीन फेऱ्यांत आकडा बसतो. आमटीत कोथिंबीर परत येऊ द्या.

सोलापूरच्या वाचकांनी धातूच्या झडपेची रात्री ऐकू येणारी टिकटिक बदलली तर काय, असं विचारलं आहे. त्याला लेखाची वाट पाहू नका, टिकटिक दबल्यासारखी वाटली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. गरोदरपणात ही गोळी घेण्याबद्दल ज्या बहिणींनी लिहिलं आहे त्यांच्यासाठी स्वतंत्र लेख येणार आहे, पण दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी आधी डॉक्टरांकडे जा, स्वतःहून गोळी बंद करू नका. पुढच्या आठवड्यात वेदनाशामकं.