मोठा प्लॅन घेतला, तरी आवाज का तुटतो?

ऑनलाइन सुनावणीत किंवा मीटिंगमध्ये आवाज तुटू लागला, की सल्ला ठरलेला असतो: मोठा प्लॅन घ्या. बहुतेकदा तो चुकतो. का, ते जुन्या टेलिफोनशी तुलना केली की कळते. डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजांत प्रत्येक संभाषणाला 64 केबीपीएसची राखीव वाट मिळे. एका ई-वन लाइनवर अशा तीस वाटा. एकतिसाव्याला ‘सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ ऐकून फोन ठेवावा लागे. इंटरनेट कुणालाच परत पाठवत नाही, सगळ्यांना रांगेत उभे करते. दुखणे त्या रांगेत आहे.

समजा, अपलोड 10 एमबीपीएस आहे आणि मोबाइलवर फोटोंचा बॅकअप चालू आहे. राउटरमध्ये 1 मेगाबाइट साचला, तर तो बाहेर पडायला 0.8 सेकंद लागतो. मागून आलेले आवाजाचे पॅकेट तेवढा वेळ अडकते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या (आयटीयू) शिफारशीनुसार मात्र ते 150 मिलिसेकंदांत पलीकडे पोचायला हवे. नुसत्या आवाजाला जेमतेम 100 केबीपीएस पुरतात, म्हणजे तुटवडा बँडविड्थचा नव्हताच. प्लॅन दुप्पट केला तर रांग लवकर सरेल, हे खरे. पण वाट मोकळी दिसली की बॅकअप तीही भरून टाकतो. मग आवाजाला प्राधान्य द्यावे का? द्यावे, पण प्राधान्याने बँडविड्थ वाढत नाही. एक पुढे जातो तेव्हा दुसरा थांबतो, आणि सगळ्यांनाच ‘महत्त्वाचे’ ठरवले तर रांग जिथल्या तिथे. त्यापेक्षा 2012 मध्ये निकोल्स आणि जेकबसन या नेटवर्क संशोधकांनी मांडलेली ‘कोडेल’ पद्धत शहाणी: पॅकेट रांगेत किती वेळ रखडले ते पाहायचे आणि रेंगाळणारी टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा आपोआप हात आखडता घेतो. तिच्यात प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडली, की प्राधान्याच्या याद्या करत बसावे लागत नाही. फक्त राउटरमधली मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी, नाहीतर रांग मोडेममध्ये लागते आणि तिथे आपले काही चालत नाही.

घरी आवाजाला असे प्राधान्य देणे नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना समान वागणुकीच्या, विरोधात नाही का, असे कुणी विचारेल. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी 2016 मध्ये डेटाचे भेदभाव करणारे दर बंद केले, 2018 मध्ये सरकारने समान वागणुकीचे तत्त्वही स्वीकारले. पण ही बंधने सेवा देणाऱ्या कंपन्यांवर आहेत, घरच्या राउटरवर नाहीत. उलट, घरी पॅकेटवर लावलेला प्राधान्याचा शिक्का कंपनीच्या जाळ्यात मानला जाईलच, याचीही खात्री धरू नये.