वैनगंगेकाठचा मोगली

१९९३ साली भंडाऱ्यात रविवारी सकाळी मोगली लागायचा. दूरदर्शनच्या लेखी मालिकेचं नाव 'द जंगल बुक' होतं, पण आमच्या मोहल्ल्यात ते कुणी घेत नसे. "मोगली लागला" एवढी हाक आली की विटीदांडू जागच्या जागी टाकून सगळी पोरं टीव्ही असलेल्या घरात घुसत. आमच्याकडे कृष्णधवल संच होता. शेरखानचे पट्टे करडे, आभाळ करडं, झाडंही करडी. रंगांची उणीव आवाजानं भरून निघायची. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. 'परिंदा' आणि 'प्रहार' येऊन गेले होते, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना तो ओळखीचा होता. मला मात्र तो आधी वाघाचा आवाज म्हणून माहीत झाला. पुढे कितीतरी वर्षं नाना पडद्यावर बोलायला लागले की मला आधी वाघ आठवायचा आणि मग माणूस.

गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल असलेलं शीर्षकगीत माझ्या पिढीतल्या कुणालाही आजही पाठ असतं. मोगलीच्या हातातला बूमरँगही कुणी विसरलेलं नाही. बांबूची कामटी वाकवून तो बनवायचे उद्योग आमच्याकडे महिनोन्‌महिने चालले. पण मला त्या मालिकेनं जे दिलं ते गाण्यात किंवा बूमरँगमध्ये नव्हतं. आजीच्या गोष्टींत कोल्हा लबाड असे, वाघ शेवटी फसे आणि ससा शहाणा ठरे. ती सगळी जनावरांचं कातडं पांघरलेली माणसंच होती. मोगलीतले प्राणी तसे वाटले नाहीत. प्रत्येकाला नाव होतं, स्वतःचं काम होतं, जाण्यायेण्याची वाट होती. लांडग्यांच्या कळपाची सभा भरे आणि तिथे ठरलेलं म्होरक्या अकेलालाही मोडता येत नसे. जंगलाला कायदा असतो आणि तो माणसाच्या आधीपासून चालत आलेला असतो, ही कल्पना माझ्या डोक्यात तेव्हा शिरली ती कायमची. आजही नव्या रानात पाय ठेवताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की इथे नियम कुणाचा चालतो?

मालिका जपानी आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मोगली हिंदी बोलत होता, जंगल आपलं होतं, मग परक्या देशाचा विचार कोण करतो? कॉलेजात गेल्यावर कळलं, की ती निप्पॉन अॅनिमेशन या स्टुडिओनं काढली होती, दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा, आणि ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात ती टीव्ही टोकियोवर दाखवली गेली. एकूण ५२ भाग. म्हणजे आठवड्याला एक धरला तर बरोबर वर्षभराची सोबत. मुलांचं एखादं गाजलेलं पुस्तक घ्यायचं आणि वर्षभर सावकाश सांगायचं, ही त्या स्टुडिओची जुनी रीतच होती. १९७५ मध्ये 'अ डॉग ऑफ फ्लँडर्स', १९७९ मध्ये 'अॅन ऑफ ग्रीन गेबल्स' त्यांनी अशाच केल्या. डिस्नेचा १९६७ चा चित्रपट दीड तासाच्या आत आटोपतो. तो मी नंतर पाहिला, आवडलाही, पण त्यातल्या मोगलीला मोठं व्हायला वेळच मिळत नाही. आमचा मोगली आमच्यासोबत वाढला. त्याला चुकायला, रुसायला, शिकायला पुरेसे रविवार मिळाले. लहान मुलाच्या मनात एखादं जग घर करून राहायचं असेल तर त्याला एवढा अवधी द्यावाच लागतो, असं मला ठामपणे वाटतं.

नागपूरला शिकत असताना किपलिंगचं मूळ पुस्तक हाती आलं. 'द जंगल बुक' १८९४ चं आणि 'द सेकंड जंगल बुक' १८९५ चं. पहिल्याच कथेत सिवनीचे डोंगर आले आणि थोडं पुढे वैनगंगा आली. मी पुस्तक मिटून वाचनालयाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. वैनगंगा! आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल अशी, गणपती विसर्जनाची, उन्हाळ्यात वाळूत डांगरवाड्या पिकवणारी आमची नदी! लहानपणभर मी जे जंगल टीव्हीवर पाहत होते, त्याच्यातून निघालेलं पाणी रोज आमच्या गावावरून वाहत होतं.

त्यानंतर मी नकाशा घेऊन बसले. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याजवळ उगम पावते, बालाघाटाकडून वळसा घालून भंडाऱ्यात येते. पेंच नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. आंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' इथे रचला असं तिथली परंपरा सांगते (अंबाजोगाईकर हे मान्य करणार नाहीत, आणि तो वाद इथे काढायचं कारण नाही). मोगलीच्या जंगलातलं पाणी मराठीच्या आद्य ग्रंथाशी नातं सांगणाऱ्या घाटाला लागतं, हे मला त्या दिवसांत कुणाला तरी सारखं सांगावंसं वाटे.

किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात झाला. त्याचे वडील तिथे शिकवत. पण मोगलीच्या कथा त्यानं लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत. सिवनीचं रान त्यानं बरंचसं दुसऱ्यांच्या लिखाणातून उभं केलं. रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याचं १८७७ चं सातपुड्यातल्या तळांविषयीचं पुस्तक त्याच्या हाताशी होतं. म्हणजे मुंबईत जन्मलेल्या माणसानं अमेरिकेत बसून लिहिलेलं आमच्या बाजूचं रान टोकियोतल्या चित्रकारांनी रेखाटलं आणि हिंदीत बोलतं होऊन ते भंडाऱ्याच्या कृष्णधवल पडद्यावर उतरलं. एवढा फेरा झाला नसता तर शेजारचं रान मला दिसलं असतं का, हे सांगणं कठीण आहे. आमच्या घरात तोवर जंगल म्हणजे तेंदूपत्त्याचा ठेका आणि रात्रीची बंद पडलेली एसटी एवढंच होतं.

मग मराठीतली रानं भेटली. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा', मारुती चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा', 'चकवाचांदण'. चितमपल्ली वनखात्यातले. नवेगावबांध आणि नागझिरा ही त्यांची कर्मभूमी, आणि दोन्ही आमच्यापासून जवळ. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या भागात घरचं माणूस गेल्यासारखी शोककळा पसरली होती. त्यांच्या पानांवर प्राण्यांना किपलिंगनं दिलेली नावं नाहीत, पण माडिया-गोंडांनी, ढिवरांनी दिलेली नावं आहेत. मोगलीनं मला जिथपर्यंत आणून सोडलं होतं तिथून पुढची वाट चितमपल्लींनी दाखवली. हे ऋण मी दोघांच्याही नावावर मांडते.

नोकरी लागल्यावर बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला मी जाऊ लागले. वनखातं त्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची नोंद ठेवतं आणि आमच्यासारख्यांनाही सोबत बसू देतं. मे महिन्याचा उकाडा, खाली आटत आलेलं पाणी, वर लख्ख चंद्र. किपलिंगच्या एका कथेत दुष्काळात वैनगंगेतला खडक उघडा पडतो आणि हत्ती सर्वांना पाण्याचा तह पुकारून दाखवतो, की तहानेच्या काळात पाण्यावर शिकार नाही. मचाणावरून पाहिलेलं पाणी तसं नसतं. सांबर पाण्याला तोंड लावण्याआधी कितीतरी वेळ नुसतं उभं राहतं. रानकुत्री आली की चितळं पांगतात, अस्वलाला सगळेच वाट देतात. तह नाही, पण क्रम आहे. आधी कोण, नंतर कोण, किती अंतर ठेवून, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नियम शोधायची सवय मोगलीची, म्हणून तो क्रम मला दिसला.

काही गोष्टी जागच्या हलल्या. मालिकेतला किची हा लाल पांडा हिमालयाच्या पूर्वेकडचा, सातपुड्यात तो कुठून येणार? आपला लांडगा दाट रानापेक्षा माळरानाचा, तो सोलापूरकडच्या गवतात जास्त शोभतो. 'रेड डॉग' या कथेत दख्खनहून टोळधाडीसारखी येणारी रानकुत्री खलनायक आहेत. प्रत्यक्षात हा प्राणी जगभरात धोक्यात आला आहे आणि आमच्या रानात तो दिसला तर गाइडचा चेहरा उजळतो. यानं मोगलीवरचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही. त्यानं मला दारापर्यंत आणलं होतं, आतलं मला मोजायचं होतं.

एप्रिल २०१६ मी विसरणार नाही. डिस्नेचा नवा चित्रपट आला आणि हिंदीत शेरखानला पुन्हा नानांचाच आवाज होता. तेवीस वर्षांनी तोच आवाज, तेच गाणं नव्यानं केलेलं. मी थिएटरात रडले. त्याच महिन्यात आमच्या भागातला जय हा वाघ दिसेनासा झाला. 'शोले'तल्या जयचं नाव मिळालेला हा अवाढव्य नर २०१३ मध्ये नागझिऱ्यातून निघून शेतं, रस्ते, नद्या ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. कॉलर मुकी झाली, शोध झाला, पत्ता लागला नाही. पुढच्या वर्षी त्याचा बछडा म्हणून ओळखला जाणारा श्रीनिवास शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं मेला. पडद्यावरचा वाघ माणसाच्या पोराच्या मागे लागलेला असतो. इथे वाघ नवा मुलूख शोधत पिकांतून, तारांतून, वस्त्यांमधून चालत होते. माझ्या मनातला शेरखान त्या वर्षी बदलला. त्याची भीती राहिली, पण त्याच्याबद्दल काळजी वाटू लागली.

आणि त्या काळजीलाही दुसरी बाजू आहे हे मला शाळेनं शिकवलं. मी रानाला लागून असलेल्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारातच मुलांचे आईवडील मोहफुलं वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्ता. मोह वेचणारा माणूस वाकलेला असतो, खाली बघत असतो. वाघ-माणसाच्या बऱ्याच दुर्दैवी भेटी याच दिवसांत होतात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं मोगली पुन्हा दाखवायला सुरुवात केली. शाळा बंद, मोबाइल थोड्याच घरांत, पण दूरदर्शन बऱ्याच जणांकडे दिसत होतं. मी निरोप धाडले, की दुपारी मोगली बघा आणि त्यातलं काय आपल्या रानात आहे, काय नाही, ते घरच्या मोठ्यांना विचारून लिहा.

शाळा उघडल्यावर वह्या आल्या. एका मुलीनं तोंडीच सांगितलं, "मॅडम, हा वाघ किती बोलते जी! आमच्या बांधावर येते तो काहीच बोलत नाही, म्हणून भेव वाटते." एकानं वाघदेवाच्या दगडाचं चित्र काढलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी एकच गोष्ट लिहिली होती. मोगलीच्या जंगलात मोह वेचणारं कुणी नाही, सरपण आणणारं कुणी नाही, गुरं चारणारं कुणी नाही. मला लहानपणी हे दिसलं नव्हतं, कारण मी गावात राहून जंगल टीव्हीवर पाहत होते. ही मुलं त्याच्या आत राहतात.

मग मी त्यांना किपलिंगची एक जुनी कथा सांगितली, 'इन द रुख'. ती १८९३ ची, बाकी मोगलीकथांच्याही आधी छापलेली. तिच्यात मोगली मोठा झालेला आहे आणि इंग्रजांच्या वनखात्यात वनरक्षक म्हणून नोकरीला लागतो, पुढे पेन्शनही मिळणार असते. मुलं खूश झाली. "मंग तो पीआरटीत असल," एकजण म्हणाला. गावात वाघ आला की गर्दी आवरायला आणि वनखात्याला कळवायला जे तरुण पुढे येतात, त्या पथकाला आमच्याकडे पीआरटीच म्हणतात. त्याचा मोठा भाऊ त्यात होता. मला ज्या कथेत सरकारी जंगल आणि हिरावलेले हक्क दिसत होते, तिच्यात त्याला आपला भाऊ दिसला, आणि दोन्ही खरं होतं. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क मिळाले, तेही मी त्याच तासाला सांगितलं.

आता दर वर्षी मोह फुलायच्या आत पाचवीची मुलं 'आपल्या जंगलाचा कायदा' लिहितात. एकट्यानं जायचं नाही. उजाडल्याशिवाय वाकायचं नाही. मोठ्यानं बोलत, काठी आपटत चालायचं. वाघानं मारलेल्या गुराजवळ थांबायचं नाही. बछडं दिसलं तर फोटो काढायला थांबायचं नाही. आजी-आजोबा त्यात भर घालतात. गेल्या वर्षी एका आजोबांनी सांगितलेलं कलम मुलांनी सर्वांत वर लिहिलं, की पाण्यात बसलेल्या वाघाला उठवू नये, तो त्याचा वेळ आहे. किपलिंग त्या आजोबांनी वाचलेला नाही आणि मोगलीही पाहिलेला नाही. कागद पीआरटीच्या पोरांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला, पुढच्या आठवड्यात मोह गळायला सुरुवात झाली.