राजाबाई टॉवरच्या पोटातला खजिना

विरार लोकलने चर्चगेट गाठा आणि राजाबाई टॉवरकडे चालू लागा. वरचं घड्याळ सगळेच बघतात. खालच्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मात्र शतकांपूर्वीची इस्लामी ज्ञानपरंपरा जपली आहे. आपल्या किनाऱ्याशी तिचं नातं फार जुनं!

सोपारा, अरबांच्या नोंदीत: 10व्या शतकातले भूगोलकार मसूदी आणि इब्न हौकल यांनी सोपाऱ्याची, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याची, नोंद ‘सुबारा’ अशी केली आहे.

चिंचणीचा ताम्रपट: पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीत सापडलेला इ.स. 926चा राष्ट्रकूट ताम्रपट सांगतो, की संजाण परिसराचा कारभार मधुमती सुगतिप या अरब अधिकाऱ्याकडे होता. त्याने लोकांसाठी मोफत नावा आणि भात-कालवण-तुपाचं अन्नछत्र सुरू केलं!

पोर्तुगीजांआधीची वसई: 1534च्या तहाने वसई पोर्तुगीजांना देणारा बहादूरशाह हा गुजरातचा सुलतान होता; म्हणजे त्याआधी इथे सल्तनतीचा अंमल होता.

फैझींचं दान: आता पुन्हा ग्रंथालयाकडे येऊ. कायदेपंडित आसफ अली असगर फैझी यांचा जन्म 1899चा, माथेरानचा. घराणं सुलेमानी बोहरा, म्हणजे इस्माइली पंथाचं. सुमारे 200 इस्माइली हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिली. एरवी पंथाबाहेरच्यांना सहसा न दिसणारं हे साहित्य अभ्यासकांना खुलं झालं. 1965मध्ये विद्यापीठाने त्याची वर्णनात्मक सूची छापली.

त्याआधीची सूची: विद्यापीठातल्या अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी 1935मध्येच केली होती. सूची नसेल, तर कपाटातला ग्रंथ असून नसल्यासारखाच.

पुण्यातला शेजारी: इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांचा साताऱ्यातला संग्रह 1939मध्ये डेक्कन कॉलेजात आला. तिथे मोडी कागदांसोबत फारसी कागदही सांभाळले जातात. मराठ्यांचा इतिहास लिहायचा, तर दोन्ही हवेत.

जगात काय? ऑक्सफर्ड विद्यापीठाचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय 1683मध्ये लोकांसाठी उघडलं. आज तिथे इस्लामी कलेचं स्वतंत्र दालन आहे. इराणचा वजीर रशीदुद्दीन याने ताब्रिझमध्ये सिद्ध केलेल्या जगाच्या इतिहासाच्या 14व्या शतकातल्या सचित्र प्रतीचा भाग एडिनबरा विद्यापीठाकडे आहे.

आता पाळी आपली: आपल्या दमट हवेत जुन्या कागदाला कसर आणि वाळवी लागायला वेळ लागत नाही. वसई-विरारच्या महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी घरोघरची जुनी पुस्तकं, सनदा, निकाहनामे यांचे घरच्यांच्या संमतीने फोटो काढावेत, यादी करावी. मूळ वस्तू घरातच राहू द्या, नोंद विद्यापीठात पोचवा. फैझींनी अख्खा संग्रह दिला; आपण निदान यादी तरी देऊ.