नीलमचा निळा रंग येतो कुठून?

पिंपळगाव बसवंतला एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला आम्ही बसलो होतो. वही उघडली तर एका ताईंचे कर्ज शेळीसाठी नव्हते, मुलाच्या अंगठीसाठी होते. साडेसाती आहे, नीलम घाला, असे कुणी सांगितलेले. खडा खरा की खोटा, एवढेच त्यांनी विचारले.

नीलम म्हणजे कुरुंद, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. त्यात लोह आणि टायटॅनियमचा किंचित अंश असला की तो निळा दिसतो. क्रोमियम असले तर तोच लाल होतो, त्याला आपण माणिक म्हणतो. ज्योतिषी माणिक रवीला देतात, नीलम शनीला, आणि या बापलेकांचे वैर सांगतात. दगड मात्र एकच! मोहस् मापावर कुरुंदाचा कठीणपणा 9, त्याच्या वर फक्त हिरा.

काश्मीरच्या पाडर भागात 1880 च्या दशकात उत्तम नीलम सापडले. श्रीलंकेत रत्नपुराच्या परिसरात ते नदीच्या जुन्या गाळातून काढतात. आपल्या नाशिकच्या काळ्या पाषाणात नीलम मिळत नाही. पण त्याच पाषाणाने पुण्याजवळ वाघोलीच्या खडीच्या खाणींत वेगळा निळा दिला आहे: कॅव्हन्साइट. पांढऱ्या खनिजावर निळ्या सुयांची फुले उमललेली दिसतात. हा रंग व्हॅनेडियमचा. जगभरचे संग्राहक ते जपतात. अंगठीसाठी मात्र ते फार मऊ. दख्खनच्या दगडातली अशी खनिजे पाहायची तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय जवळ आहे. मुलांना जरूर न्या.

आता खरे-खोटे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुई यांच्या पद्धतीने शंभराहून अधिक वर्षे भट्टीत नीलम बनतो. घटक तेच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. खाणीतले खडेही बहुतेक वेळा भाजून रंग खुलवलेले असतात. काही ठिकाणी तर निळी काचच खपवली जाते. म्हणून पक्की पावती आणि प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. त्यात खड्याचे वजन, जात, भाजला आहे का, हे असते. शनीबद्दल एक ओळ नसते.

दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात मण्यांची शुभाशुभ लक्षणे सांगून पोट भरणे हीन विद्यांत मोजले आहे. म्हणजे हा धंदा तेव्हाही होता.

ताईंनी दुकानात पावती मागितली, ती अजून मिळालेली नाही. कर्जाचे सात हप्ते बाकी आहेत.