इंग्रजी बोलताना अडतं कुठे?

मनात वाक्य तयार असतं, पण ‘चुकलं तर?’ या धास्तीने ते ओठांवर येत नाही. ही धास्ती वाढवणारे काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : नियम पाठ केले की चुका थांबतात.
वस्तुस्थिती : नियम येत असूनही चुका होतात, कारण वाक्याची घडण मराठीच राहते. ‘मी गेलो नाही’ यात भूतकाळ ‘गेलो’ने दाखवला. त्याच चालीवर ‘आय डिडन्ट वेन्ट’ तोंडून निघून जातं. इंग्रजीत मात्र भूतकाळाचा भार ‘डिड’ने आधीच उचललेला असतो, म्हणून पुढे मूळ रूप येतं : ‘आय डिडन्ट गो’. तसंच ‘काल मी पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत अगदी सहज वाक्य. पण ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ म्हटलं, की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहतो. ‘हॅड गॉन’ हे रूप दोन घटनांपैकी आधीची दाखवायला लागतं. एकच घटना सांगायची तर ‘आय वेन्ट’ पुरेसं आहे.

गैरसमज : भारदस्त शब्द वापरले की इंग्रजी चांगलं वाटतं.
वस्तुस्थिती : ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोजचं बहुतेक बोलणं एवढ्या शब्दांत भागतं. ‘कमेन्स’पेक्षा ‘स्टार्ट’ आणि ‘पर्चेस’पेक्षा ‘बाय’ लवकर समजतं.

गैरसमज : ‘प्लीज’ जोडलं की विनंती झाली.
वस्तुस्थिती : मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘पाणी दे’, ‘पाणी द्या’, ‘पाणी देता का?’ या तिन्हींत फरक आहे. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे ‘प्लीज गिव्ह मी वॉटर’मध्येही हुकमाची छटा उरू शकते. नम्रता हवी असेल तर वाक्य प्रश्नाचं करावं : ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’

गैरसमज : आपल्याकडची इंग्रजी म्हणजे चुकीची इंग्रजी.
वस्तुस्थिती : आपल्याकडे रुळलेला ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे. मात्र समोर कोण आहे, हे पाहायला हवं. वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे ‘मला एक शंका आहे’, हे आपल्या शिक्षकांना कळतं. ब्रिटिश किंवा अमेरिकी माणसाला त्यात अविश्वास ऐकू येऊ शकतो. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावं.

म्हणून चूक झाली की वरमू नका. मनातलं मराठी वाक्य आणि तोंडून निघालेलं इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी लिहून पाहा. घडण कुठे वेगळी आहे, ते डोळ्यांना दिसेल. आपली मराठी नीट कळणाऱ्याला इंग्रजीतली ही वळणं लवकर सापडतात.